महागड्या परफ्यूमची स्वस्त आवृत्ती घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिओरचा ‘सोव्हाज’ आवडतो, पण शंभर मिलीला दहा हजारांच्या आसपास मोजायची तयारी नाही. ऑनलाइन ‘इन्स्पायर्ड’ म्हणून सहाशे-सातशेला बाटली मिळते, दुबईच्या कंपन्यांची दोन-अडीच हजारांना मिळते आणि मुंबईत मोहम्मद अली रोडवर त्याच नावाचं तेल तोळ्यावर मिळतं. यातलं काय घ्यावं, किती टिकेल, अंगाला अपाय तर होणार नाही ना, आणि असं विकणं कायद्यात बसतं का?

आधी उत्तर, मग कारणं. सोव्हाजची स्वस्त आवृत्ती खुशाल घ्या, चांगली मिळते. पण हाच न्याय प्रत्येक परफ्यूमला लावू नका. ज्या सुगंधाचा कणा प्रयोगशाळेत बनणाऱ्या रेणूंचा आहे, त्याची नक्कल जमते. ज्याचा कणा महागड्या नैसर्गिक द्रव्यांचा आहे, त्याची स्वस्तात जमत नाही, जाहिरातीत ‘९५ टक्के सेम’ लिहिलेलं असलं तरीही. त्या टक्क्यांना काही अर्थ नसतो, कारण वासाचं साम्य टक्क्यांत मोजायचं कुठलंही सर्वमान्य माप नाही. मूळ परफ्यूम कशावर उभा आहे, एवढं आधी बघा. खरेदीतल्या बहुतेक चुका तिथेच टळतात.

नक्कल करणारा मूळ बाटली विकत आणतो आणि तिचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रातून काढतो. यंत्र मिश्रणातले घटक एकेक वेगळे करतं आणि कोणता घटक साधारण किती प्रमाणात आहे ते आलेखावर दाखवतं. सोव्हाज २०१५ साली बाजारात आला, रचना फ्रांस्वा दमाशी यांची. त्याचा जीव अँब्रॉक्सनमध्ये आहे. हा रेणू पूर्वी व्हेल माशाच्या अंबरमधल्या सुगंधाशी जोडलेला होता, आता क्लेरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लेरिऑलपासून बनवतात. जोडीला बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा वास, मिरीचा तिखटपणा आणि डायहायड्रोमिरसेनॉलची धुतल्या कपड्यासारखी स्वच्छ झुळूक. हे सगळं खुल्या बाजारात किलोवर मिळतं आणि कोणीही विकत घेऊ शकतं. म्हणून सोव्हाजच्या नकला सोप्या जातात.

‘बाकारा रूज ५४०’चंही तसंच. फ्रान्सिस कुर्कजियान यांचा २०१५चा हा परफ्यूम महागडा आहे, पण त्याची ओळख इथाइल माल्टॉलचा साखरेच्या पाकासारखा गोडवा, हेडिओनची हवेशीर चमेली, केशरासारखी छटा आणि अँब्रॉक्सनचा पाया यांवर आहे. याच्या बऱ्या नकला कितीतरी आहेत. फक्त एक लक्षात ठेवा. यातले मोठे रेणू काही नाकांना जवळजवळ जाणवतच नाहीत. ‘बाटली नकली निघाली, वासच येत नाही’ अशी तक्रार करण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हुंगायला द्या.

क्रीडचा ‘अव्हेन्टस’ (२०१०) मधल्या पायरीवर येतो. त्याची सर्वांत गाजलेली नक्कल म्हणजे दुबईच्या आर्माफचा ‘क्लब द न्यूई इंटेन्स मॅन’, १०५ मिलीची काळी बाटली. अर्ध्या तासानंतरचा धुरकट, किंचित मॉससारखा (ओल्या शेवाळासारखा), कस्तुरीचा भाग मूळच्या बराच जवळ जातो. पहिली दहा-पंधरा मिनिटं मात्र जात नाहीत. मूळमध्ये अननस पिकलेला आणि रसाळ आहे, इथे सुरुवातीला तीव्र लिंबू चढतं, ते काहींना भांडी घासायच्या साबणाची आठवण करून देतं. कारण सरळ आहे. चांगलं नैसर्गिक बर्गमॉट तेल महाग पडतं, त्याजागी लिनालिल असिटेट आणि लिमोनिन वापरून काम भागवलं की वास बोचरा होतो. स्वस्त आवृत्तीत काटकसर जवळजवळ नेहमी पहिल्या पंधरा मिनिटांत दिसते, आणि दुकानात आपण वास घेतो तोही नेमका पहिल्या पंधरा मिनिटांतच. त्यामुळे दोन्हीकडून फसगत होते. भपका आवडला म्हणून वाईट बाटली घेतली जाते आणि सुरुवात उग्र वाटली म्हणून चांगली बाटली परत ठेवली जाते.

यंत्राला काही गोष्टी दिसत नाहीत किंवा दिसूनही उपयोग होत नाही. जिव्होदान, डीएसएम-फिरमेनिश, आयएफएफ, सिमराइज या मोठ्या सुगंधी द्रव्यांच्या कंपन्या काही नवे रेणू पेटंटखाली फक्त स्वतःच्या रचनाकारांसाठी राखून ठेवतात. नक्कल करणाऱ्याला त्याजागी जवळपासचं काहीतरी वापरावं लागतं. जड राळ आणि डिंकांचे मोठे रेणू यंत्रात नीट वर येत नाहीत. आणि नैसर्गिक तेल म्हणजे शेकडो घटकांचा गुंता. त्यातले अगदी अल्प प्रमाणातले घटकच पुष्कळदा वासाला खोली देतात.

आता जिथे पैसे वाया जातात ती बाजू. आयरिस या फुलझाडाच्या कंदांपासून मिळणारं ‘ऑरिस बटर’ घ्या. आयरिसचे कंद खणून, सोलून, वाळवून साधारण तीन वर्षं ठेवावे लागतात, तेव्हा त्यात आयरोन हे सुगंधी रेणू तयार होतात. म्हणून ते सुगंधी द्रव्यांतल्या सर्वांत महागांपैकी एक आहे. स्वस्त आवृत्तीत त्याजागी मिथाइल आयोनोन येतं. ते चांगलं द्रव्य आहे, पण त्याचा वास लिपस्टिक आणि पावडरकडे झुकतो, ऑरिसचा थंड, मातकट, गाजरासारखा गाभा त्यात नसतो. ‘शनेल नंबर ५’च्या अर्कात फ्रान्समधल्या ग्रासची चमेली वापरतात. तिच्या नकलेत अल्डिहाइडचा साबणासारखा फेस तेवढा राहतो. ऊद (म्हणजे अगरूचं सुगंधी लाकूड) आणि म्हैसूरचं चंदन यांचंही तेच. जावानॉल, सँडलोर, इबानॉल ही चंदनासारखी कृत्रिम द्रव्यं उत्तम आहेत आणि कित्येक महागड्या परफ्यूममध्येही असतात, पण खऱ्या चंदनाचा दुधट, तासन्‌तास मऊ राहणारा तळ त्यांच्याकडून एकट्याने येत नाही. या जातीचा परफ्यूम आवडत असेल तर मूळचाच पाच किंवा दहा मिलीचा डिकँट (मूळ बाटलीतून छोट्या कुपीत काढून दिलेला परफ्यूम) घ्या आणि सणासमारंभाला वापरा.

आता तिन्ही पर्यायांकडे येऊ.

सहाशे-सातशेच्या बाटलीवर बहुधा ‘ओ द परफ्यूम’ लिहिलेलं असतं. प्रथेनुसार याचा अर्थ पंधरा ते वीस टक्के सुगंधी अर्क, ‘ओ द तॉयलेट’चा पाच ते पंधरा. पण ही धंद्यातली रूढी आहे, कायद्याने बांधलेली व्याख्या नाही. त्यामुळे बाटलीवरच्या शब्दावर विसंबू नका. शिवाय जास्त टक्के म्हणजे जास्त टिकाऊ हेही खरं नाही. वीस टक्के लिंबूवर्गीय अर्क तासाभरात उडेल, आठ टक्के कस्तुरी आणि अँब्रॉक्सन दिवसभर राहील. टिकाऊपणा कमी पैशांत आणायची एक युक्ती या किमतीत सर्रास दिसते: नॉरलिंबॅनॉल, करानाल यांसारखी अतिशय ताकदवान लाकडी-अंबर द्रव्यं. अगदी थोडी पुरतात, बारा-बारा तास जात नाहीत, आणि प्रमाण किंचित चुकलं की वास कोरडा, धातूसारखा, घशाला टोचणारा होतो. परफ्यूम संध्याकाळपर्यंत टिकतो पण डोकं धरतं, असं झालं तर बहुधा दोष यांचा असतो. ‘बारा तास टिकतो’ ही म्हणून माझ्या लेखी शिफारस नाही. बाराव्या तासाला उरलेला वास तुम्हाला हवासा वाटतो का, ते बघायचं.

दोन ते तीन हजारांच्या गटात, म्हणजे आर्माफ, अफनान, लताफा वगैरे दुबईच्या घराण्यांत, पैशांचा सर्वाधिक मोबदला मिळतो असं माझं मत आहे. मात्र कोणती बाटली नेमकी कशाच्या जवळ आहे हे तपासून घ्या. अफनानचा ‘९ पीएम’ जाँ पॉल गोतिएच्या ‘अल्ट्रा माल’कडे जातो. लताफाचा ‘खमरा’ किलियानच्या ‘एंजल्स शेअर’च्या वाटेवरचा आहे, पण खजूर आणि मसाल्याने जास्त गोड. तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं म्हणजे ‘सोव्हाज’ एक नाही. २०१५चा ओ द तॉयलेट, २०१८चा ओ द परफ्यूम, २०१९चा परफ्यूम आणि २०२१चा इलिक्सिर हे चार वेगळे वास आहेत. लताफाचा ‘असद’ हा इलिक्सिरच्या बाजूचा, म्हणजे जड, मसालेदार, गोडसर. ताजा, मिरीचा ओ द तॉयलेट मनात धरून तो मागवलात तर निराशा होणार, आणि त्यात असदचा काही दोष नसेल. विक्रेत्याला ‘सोव्हाजसारखा आहे का’ असं विचारू नका, ‘कोणत्या सोव्हाजसारखा’ असं विचारा.

तेलाचा प्रकार वेगळा. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, दुकानात सोयीने बारा मिली धरतात. या तेलाला अत्तर म्हणत असले तरी कनौजला देग-भपका या पारंपरिक भांड्यांत ऊर्ध्वपातन करून चंदनतेलात उतरवलेलं अत्तर ते नव्हे. इथे कृत्रिम सुगंधी अर्क एखाद्या वाहक द्रवात मिसळलेला असतो. मद्यार्क नसल्यामुळे भपका नसतो, दरवळ अंगापाशीच राहतो आणि टिकतं बऱ्यापैकी. ऑफिसात, लोकलच्या गर्दीत हा गुणच आहे. लिंबू, पुदिना, समुद्री झुळूक असल्या हलक्या वासांना तेल मारून टाकतं, गोड, मसालेदार, ऊद-अंबरच्या वासांना शोभतं. तेव्हा ताज्या सोव्हाजसाठी तेल हा तिन्हींत सर्वांत कमी पसंतीचा पर्याय.

तेल घेताना तीन मिलीची कुपी घ्या, थेट तोळा घेऊ नका. घरी एक थेंब कागदाच्या पट्टीवर टाकून दुसऱ्या दिवशी बघा. वास गेला आणि तेलकट डाग तेवढा राहिला तर वाहक द्रव जास्त आणि अर्क कमी आहे. कुपी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. थिजून पांढरी झाली तर खोबरेल असण्याचा दाट संशय घ्या. खऱ्या गुलाबाच्या तेलातही थंडीत मेणासारखे कण धरतात हे खरं, पण खरं गुलाबतेल दोन-तीनशे रुपये तोळ्याने कोणी देत नाही.

वास तपासण्याची रीत तिन्हींना एकच. दुकानात वास आधी पट्टीवर घ्यायचा. फवारल्यावर अर्धा मिनिट थांबून हुंगायचं, म्हणजे मद्यार्काचा झटका नाकात जाणार नाही. एका फेरीत तीन-चारच्या वर वास घेऊ नयेत, पुढे नाक थकतं. कॉफीच्या बिया हुंगून ते ताजं होतं असा समज आहे. त्यापेक्षा स्वतःच्या बाहीचा किंवा कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेऊन मोकळ्या हवेत जाणं बरं. आवडलेला एक मनगटावर मारायचा, चोळायचा नाही, आणि दुकानातून बाहेर पडायचं. मग पंधरा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी आणि आठ तासांनी हुंगून लिहून ठेवा. खरी तुलना हवी असेल तर मूळचा दोन मिलीचा डिकँट मागवा आणि एका हाताला मूळ, दुसऱ्या हाताला नक्कल, असं एकाच वेळी लावा. आठवणीतल्या वासाशी तुलना करू नका, आठवण मूळ परफ्यूमला नेहमी जास्त गुण देते. स्वतःला दरवळ जाणवेनासा झाला म्हणजे तो उडाला असंही नाही. नाक सवयीने बधिर होतं. दोन तासांनी आणखी चार फवारे मारण्याआधी शेजारच्याला विचारा.

नवी बाटली आली की ती महिनाभर कपाटात ‘मुरवा’, असा सल्ला सगळीकडे मिळतो. कारखान्यात अर्क आणि मद्यार्क मिसळल्यावर मुरवणं हा निर्मितीचा खरा टप्पा आहे, आणि घाईत भरलेल्या बाटलीत तो अपुरा राहिलेला असू शकतो. तेव्हा चार-पाच फवारे मारून बाटली तीन-चार आठवडे अंधारात ठेवली तर सुरुवातीचा बोचरेपणा थोडा कमी होतो. पण रचनाच वाईट असेल तर सहा महिन्यांनीही ती वाईटच राहते, आणि तोवर परत करायची मुदत निघून जाते. व्हॅनिलाच्या परफ्यूमचा रंग काळानुसार तपकिरी होतो, ते व्हॅनिलिनमुळे. त्याने बिघडलं असं समजू नका. बिघडल्याची खूण म्हणजे सुरुवातीलाच येणारा आंबट, व्हिनेगरसारखा किंवा खवट तेलासारखा वास. बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीतली बाटली वरचे नाजूक वास फार लवकर गमावते.

लावायचं कसं यानेही फरक पडतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गोड, जड परफ्यूमचे दोन फवारे पुष्कळ झाले, ताज्याचे चार चालतील. आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून त्यावर फवारलं तर जास्त टिकतं, कारण कोरडी त्वचा सुगंध धरत नाही. सुती कपड्यावर वास त्वचेपेक्षा जास्त राहतो, पण तेलकट आणि रंगीत द्रव पांढऱ्या शर्टावर डाग पाडतो. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर थेट मारू नका, जरीवर तर नाहीच. नथ आणि मोत्यांचे दागिने परफ्यूम सुकल्यावर घाला, मोत्याची चमक त्याने मंदावते.

अपायाबद्दल. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे विसरा. साधं बर्गमॉट तेल उन्हात त्वचा भाजू शकतं, म्हणून परफ्यूममध्ये बर्गॅप्टेन काढलेलं तेल वापरतात. ओकमॉस या दगडफुलाच्या जातीच्या नैसर्गिक द्रव्यावर आयएफआरए या सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मर्यादा आहेत. युरोपात लिलियाल हे द्रव्य १ मार्च २०२२ पासून बंद झालं. लेबलवर ‘ब्युटिलफेनिल मिथाइलप्रोपिओनल’ दिसलं तर ते हेच, अशी बाटली घेऊ नका. नवीन परफ्यूम कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा. खाज, लाली आली तर तो फक्त कपड्यावर वापरा किंवा सोडून द्या. ताज्या वॅक्सिंग-शेव्हिंगवर लावू नका.

लेबल मात्र बारकाईने वाचा. भारतात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर निर्मात्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, निर्मितीचा महिना-वर्ष, वापराची मुदत, निव्वळ प्रमाण आणि एमआरपी असायला हवी. परदेशी मालावर आयातदाराचं नाव आणि आयात नोंदणी क्रमांकही. हे काहीच नसेल तर आत काय आहे याची जबाबदारी कोणावरच नाही. रस्त्यावरच्या मालाचा खरा धोका तोच, त्यात मिथेनॉलसारखा घातक मद्यार्कही असू शकतो.

कायद्याचं म्हणाल तर वास आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वासाला कॉपीराइट नाही, असं फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लांकोमच्या ‘त्रेझॉर’बाबत उलट निकाल दिला, म्हणजे तेव्हा युरोपातही एकमत नव्हतं. नाव, लोगो आणि बाटलीचं रूप यांना मात्र संरक्षण आहे, आपल्याकडे ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली. ‘अमुक परफ्यूमसारखा’ असे तक्ते छापून विकणाऱ्या बेल्यूर कंपनीविरुद्ध लोरेआलने ब्रिटनमध्ये दावा केला, तो प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे गेला आणि २००९ च्या निकालात न्यायालयाने असा गैरफायदा अमान्य केला. म्हणूनच शहाण्या कंपन्या स्वतःचं नाव, स्वतःची बाटली देतात आणि तुलना ग्राहकांवर सोडतात. मूळ ब्रँडचंच नाव छापलेली ‘फर्स्ट कॉपी’ ही नक्कल नव्हे, बनावट माल आहे, आणि अर्ध्या किमतीचा ‘टेस्टर’ही बहुधा तसाच. तो घेऊ नका.

तेल घेऊन त्याचा स्प्रे घरी करायचा असेल तर स्वतःपुरता जमतो. पन्नास मिलीसाठी ८ ग्रॅम तेल आणि ३४ ग्रॅम परफ्यूमर्स अल्कोहोल, दोन्ही वजनावर. मापाने घेतलं तर प्रमाण चुकतं, कारण मद्यार्क तेलापेक्षा हलका असतो. काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्या. मद्यार्क ९९ टक्क्यांचा असेल तर १ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर शेवटी थेंबाथेंबाने, ९५-९६ टक्क्यांचा असेल तर पाणी नकोच. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. दवाखान्यातलं स्पिरिट नाही, आयसोप्रोपिल नाही, त्याचा वास शेवटपर्यंत आड येतो. गॅसची शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती यांपासून दूर काम करा, खिडक्या उघड्या ठेवा. मद्यार्काच्या वाफा घरातल्या तापमानालाही पेट घेतात.

मिश्रण काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत तीन-चार आठवडे अंधारात ठेवा, मग दोन दिवस फ्रिजमध्ये, आणि थंड असतानाच कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. पाणी घालताना गढूळ झालं तर पाणी जास्त झालं, थोडा मद्यार्क वाढवा. आधीपासूनच गढूळ असेल किंवा तळाशी वेगळा थर बसला तर तेलात खनिज तेल किंवा खाद्यतेल आहे, ते मद्यार्कात विरघळत नाही. हलवून उपयोग नाही, ते तेल अंगावरच वापरा. स्प्रे अडकण्याचं मुख्य कारणही हेच. आणि हे विकायचं मनात आलं तर आधी अन्न व औषध प्रशासनाचा सौंदर्यप्रसाधन उत्पादन परवाना लागतो, मद्यार्कासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम आहेत.

हिशेबासाठी एक आकडा: साधा स्प्रे एका दाबात सुमारे ०.१ मिली सोडतो. म्हणजे ३० मिलीत तीनशे फवारे, रोज तीन मारले तरी तीन महिन्यांहून जास्त. तुमच्यासाठी क्रम असा: मूळ सोव्हाजच्या ज्या आवृत्तीचा वास आवडला, तिचा दोन मिलीचा डिकँट, त्याच आवृत्तीच्या जवळच्या दोन दुबईच्या बाटल्यांचे नमुने, तिन्ही एका सुट्टीच्या दिवशी लावून बघा, आणि चौथ्या तासाला जी पसंत पडेल तिची मोठी बाटली मागवा.